विहीणबाईंची धाड

“आई, शनिवारी सासूबाई तुमची कंपनी लुटायला येतायत. जेवायला साठ माणसं धर.”

केतकीचा हा फोन आला तेव्हा मी हेडफोन लावून समुद्र ऐकत बसले होते. मला वाटलं, मध्येच कुठलं तरी नाटक लागलं.

“लुटायला म्हणजे गं?”

“लुटायला म्हणजे लुटायला. मुरू. कोरो तिपेनेंना रीतसर निरोप गेलाय. आणि मसालेभातात काजू जरा सैल हाताने घाल, सगळ्यांना आवडतो तो.”

“सगळ्यांना म्हणजे दरोडेखोरांना?”

“हो. मीपण आहे त्यांच्यात,” असं म्हणून माझ्या पोटच्या पोरीने फोन ठेवला.

हे नीट कळावं म्हणून थोडं मागे जाते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्वेच्या किनाऱ्याला, समुद्रात घुसलेलं एक लांबोडकं भूशिर आहे. त्याच्या अलीकडे तेकोमाची खाडी, पलीकडे पारेराउची. अलीकडे मी राहते, पलीकडे माझी लेक. दोन्हीकडे माओरी लोकांच्या वस्त्या, आणि प्रत्येक वस्तीची एक कुळी. तिला ते हापू म्हणतात. आपल्या भावकीसारखंच. फरक एवढाच, की आपली भावकी कोर्टात भेटते आणि हे लोक जेवायला भेटतात, असं मी पहिली काही वर्षं सगळ्यांना सांगायचे. मग कळलं की कोर्टात हेही भेटतात, पण जेवून जातात.

तेकोमाच्या हापूची स्वतःची कंपनी आहे. समुद्रात लांबच लांब दोर सोडून त्यांवर कुताई, म्हणजे हिरव्या काठाचे शिंपले, वाढवायचे आणि जगभर पाठवायचे. या कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत. त्यासाठी कुळीत जन्माला यावं लागतं, आणि मेल्यावरही माणूस त्यातून सुटत नाही. मीटिंगमध्ये खापरपणजोबांचं नाव असं घेतात, जणू ते चहा प्यायला बाहेर गेलेत. अध्यक्ष कोरो तिपेने. कोरो म्हणजे आजोबा. मॅनेजर त्यांचा नातू निकाउ, ऑकलंडहून व्यवस्थापन शिकून आलेला, हुशार आणि कायम घाईत. आवाजाच्या खात्यात मी एकटी.

मी मूळची विट्याची. शिक्षण दहावी. नवऱ्याचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. जळालेल्या स्पीकरच्या कॉइली गुंडाळता गुंडाळता मी आवाज शिकले, उरलेलं मॅन्युअलं वाचून आणि शॉक खाऊन. नवरा गेल्यावर केतकीने इकडे बोलावून घेतलं. ती मत्स्यशास्त्र शिकायला आली होती आणि पारेराउच्या राविरीशी लग्न करून इथलीच झाली. “चार दिवस राहा,” म्हणाली. मी इथल्या बोटींवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायला लागले आणि राहिलेच.

राविरीची आई मेरेआना, म्हणजे माझ्या विहीणबाई. पारेराउच्या हापूची शिंपल्यांची शेती तीच बघते, केतकीला हाताशी घेऊन. उंच, रुंद, आणि हसली की खिडकीच्या काचा वाजतात. तिला मी ‘विहीणबाई’ हा शब्द शिकवला आणि वरमायेचा मान म्हणजे काय तेही समजावलं. ते नडलं. तेव्हापासून ती माझ्याकडे आली की दारात उभी राहून पाय पुढे करते, धुवायला.

पहिल्यांदा घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर पडलेले माझे हेडफोन तिने न बोलता उचलले आणि खिळ्याला अडकवले. डोक्याला लागणारी वस्तू अन्नाजवळ ठेवायची नाही, असा त्यांचा नेम. मला माझ्या सासूबाईंचं सोवळं आठवलं. पण त्यांच्या सोवळ्यात माणसं लांब ठेवली जायची. हिने नुसते हेडफोन लांब ठेवले आणि मला शेजारी बसवून जेवली. तिथे आमचं जमलं.

आता यंत्राबद्दल.

कुताईचं पिल्लू जन्मतं तेव्हा पाण्यावर उडालेल्या धुळीएवढं असतं. काही आठवडे ते प्रवाहाबरोबर नुसतं वाहत राहतं. त्याला कान नसतात. पण अंगात एक बारीक पिशवी असते आणि तिच्यात त्याहून बारीक खडा. पाणी थरथरलं की खडा हलतो, आणि पिल्लाला कळतं की जवळ काहीतरी चाललंय. उघड्या समुद्राची थरथर वेगळी, खडकाची वेगळी. खडकावर झिंगे चटचट नांग्या वाजवत असतात, काटेरी जीव दगडावरचं शेवाळ खरवडत असतात, लाटा कपारीत आदळत असतात. अशी गजबज लागली की पिल्लू म्हणतं, इथे वस्ती आहे, म्हणजे खायला असणार. मग ते खाली बसतं, एक चिवट धागा सोडतं आणि चिकटतं. जन्माचं बिऱ्हाड.

समुद्र तापत गेला तशी ही पिल्लं कमी झाली. सगळ्याच खाड्यांचे दोर अर्धे रिकामे राहायला लागले. शिंपल्यांना आवाज आवडतो हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. मी फक्त विट्याची अक्कल लावली. गिऱ्हाईक फिरतंय तर आरोळी ठोकायची.

दोरांच्या मधे पाण्यातले स्पीकर सोडले. शेजारी कॅमेरे, दोरावर किती पिल्लं चिकटली ते मोजणारे. दोन्ही एका पेटीला जोडले. पेटीचं काम एकच. आवाज इवलासा बदलायचा, मोजायचं. पिल्लं वाढली तर तो बदल ठेवायचा, नाहीतर टाकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. आमटीत मीठ घालतो तसं, चाखत चाखत. माणूस दमतो, पेटी दमत नाही. एका हंगामात तिने जो आवाज शोधून काढला तो पृथ्वीवरच्या कुठल्याच खडकातून येत नसेल. जणू दहा खडक आटवून त्यांचा खवा केला होता. मी तिचं नाव आरोळी ठेवलं. इथल्या लोकांच्या जिभेला ते छान बसलं.

त्या वर्षी आमचे दोर एवढे लगडले की त्यांना तरंगत धरणाऱ्या बोयी पाण्याखाली गेल्या. डेन्मार्कहून मोठी मागणी आली. निकाउने माझा फोटो कंपनीच्या भिंतीवर लावला, खापरपणजोबांपासून जरा सभ्य अंतरावर. मी आरशात बघून भांग पाडायला लागले.

आणि भूशिराच्या पलीकडे केतकीचे दोर रिकामे निघाले.

आधी मी काय म्हणाले असेन? तेच, जे कुणीही म्हणेल. “समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?” केतकी गप्प बसली. माझी मुलगी गप्प बसली की समजावं, ती माझ्यासारखी चिडलेली नाही, तिच्या वडिलांसारखी चिडली आहे.

मग एक दिवस मेरेआना आली. पाय पुढे केले नाहीत. म्हणाली, “ऐकव तरी तुझी आरोळी.”

हेडफोन लावून ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग ते काढून तिने खिळ्याला अडकवले.

“सुंदर आहे, मंदा. फार सुंदर. पण हे ऐकल्यावर पुढे कोण जाईल?”

चहा अर्धा टाकून गेली. चहा टाकणारी बाई नव्हे ती.

मी आरोळी बंद केली आणि वाट बघितली. प्रवाह आधी आमच्या खाडीतून जातो, मग भूशिराला वळसा घालून पारेराउत शिरतो. आठवडाभरात केतकीच्या दोरांवर धुळीसारखी पिल्लं बसली. पुन्हा चालू केली, पुन्हा तिकडे शेवाळ. यापुढे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी जाऊन कोरोंसमोर सगळं मांडलं.

निकाउकडे उपाय तयार होता. “मग त्यांनाही आरोळी विकू. सवलतीत. दोघांचंही भलं.”

“आमच्या विट्याला दोन मंडळं होती,” मी म्हटलं. “एकाने चार स्पीकर लावले की दुसरं आठ लावायचं. पहिलं सोळा. शेवटी दोन्हीकडे स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मधल्या गल्लीतली माणसं कानात कापूस घालून गाव सोडून गेली. सगळा धंदा आमच्या दुकानाचा झाला. पण गाणं कुणाला ऐकू आलं नाही. पारेराउला आरोळी दिली की ते पिल्लांना आमच्याकडून ओढणार, आम्ही आवाज वाढवणार, आणि त्यांच्या पुढच्या खाडीत काहीच पोचणार नाही.”

“मग भरपाई देऊ. वकिलाकडून पत्र पाठवतो.”

कोरो एवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. “पत्र नको,” म्हणाले. “ते काय म्हणतात ते येऊ दे.”

आणि ते आलं, केतकीच्या फोनवरून, काजूसकट.

फोननंतर मी तडक कोरोंकडे गेले. मला वाटलं होतं, म्हातारा हादरलेला असेल. तो दाढी करत होता, शीळ घालत.

“साठ माणसं येतायत,” मी म्हटलं.

“साठच?” त्यांचा वस्तरा थांबला. “माझ्या पणजोबांवर आली होती तेव्हा दोनशे आली होती.”

मग त्यांनी मला मुरू समजावलं. नात्यातल्या कुणी नात्यातल्याचं नुकसान केलं, की दुखावलेली माणसं आगाऊ सांगून, दिवसाढवळ्या येतात आणि चूक करणाऱ्याच्या घरातून हवं ते उचलून नेतात. घरच्यांनी अडवायचं नाही. उलट स्वागत करायचं, पोटभर जेवू घालायचं. जेवढी मोठी लूट तेवढा लुटल्या गेलेल्याचा माना मोठा. माना म्हणजे मान, वजन, आब, सगळं त्यात आलं. क्षुल्लक माणसाला लुटायला कोण बोट भरून येतो? मधली शंभर-दीडशे वर्षं हा रिवाज कायद्याच्या अडगळीत पडला होता. समुद्र बिघडला, कोर्टाच्या तारखा नातवंडांपर्यंत जायला लागल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या कुळ्यांनी तो झटकून पुन्हा बाहेर काढला.

“पोलिसांना कळवायला हवं,” दारातून निकाउ म्हणाला.

“कळव की. जेवायला चार ताटं वाढतील.”

“कोरो, विम्याच्या फॉर्मवर मी कारण काय लिहू? नातेवाईक?”

“लिही. वादळाच्या खालचा रकाना असेल.” कोरोंनी तोंड पुसलं. “ऐक, पोरा. भरपाई दिली की माणूस पावती फाडतो आणि दार लावून घेतो. तुझ्या घरातली खुर्ची उचलून नेलेला माणूस मात्र रोज त्या खुर्चीवर बसतो. त्याला तुझी आठवण येतेच. कधीतरी तो तुला त्याच खुर्चीवर बसायला बोलावतो. धंदा आपल्याला ज्यांच्या शेजारी करायचाय, त्यांना पावती देऊन कसं चालेल?”

मला एवढंच विचारायचं होतं. “माझी आरोळी नेतील का?”

कोरो हसले. “घाबरू नकोस. तू कामाला आहेस, मंदा. कामावरच्या माणसाला हात लावत नाहीत. तसा अन्याय कुणी करणार नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. ती पेटी म्हणजे आयुष्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने केलेली वस्तू. दुकान नवऱ्याचं होतं, घर सासऱ्यांचं, मुलगी दोघांची. पेटी माझी. खुशीत घरी आले आणि तांदूळ काढले.

शनिवारी सकाळी भूशिराला वळसा घालून बोटी आल्या. पुढच्या बोटीत मेरेआना उभी, काळा झगा, केसांत पिसं. आमच्याकडच्या बायकांनी किनाऱ्यावरून लांब सुरात हाक घातली, तिकडून तिने उत्तर दिलं. एखाद्याला वाटलं असतं, लग्नाचं वऱ्हाडच आलंय.

मराएवर, म्हणजे त्यांच्या सभेच्या अंगणात, दोन्हीकडचे समोरासमोर उभे राहिले. मेरेआनाने जे काढलं ते सगळं मला समजलं नाही. शेजारचीने कानात सांगितलं तेवढं कळलं. समुद्राची लेकरं आमच्याकडे यायला निघाली होती, तुम्ही त्यांना वाटेत भुलवलंत. आमच्या दोरांवर शेवाळ आहे आणि आमच्या ताटात तुमची दया. ती आम्हाला नको.

कोरो काठी टेकून उभे राहिले. “खरं आहे,” एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

मग त्यांनी लुटलं.

तयार कुताईचे दोर नेले. नवी बॅटरीवरची बोट नेली. मोठा फ्रीझर सहा जणांनी उचलला. निकाउची इटालियन कॉफीची मशीन एका मुलीने उचलली तेव्हा निकाउने तिला क्षणभर धरून ठेवलं, मशीनला. मग त्याने हात सोडले, आणि दोन पावलांवरून ओरडला, “अगं, जाळीपण ने! जाळीशिवाय काय चिखल पिणार आहात?” ती मुलगी हसली, तोही हसला. त्या दिवसापर्यंत मी त्याला एवढा निवांत कधी पाहिला नव्हता.

कोरोंची पाठ दाबून देणारी आरामखुर्ची माझ्या लेकीने आणि जावयाने उचलली. केतकी माझ्यासमोरून जाताना आधी नजर चुकवत होती. मग म्हणाली, “आई, बाजूला हो, पायावर पडेल.”

“शोभतं का तुला? म्हाताऱ्या माणसाची खुर्ची!”

“त्यांनीच सांगितलं, ही विसरू नका म्हणून.”

कोरो खरंच चिडले होते, पण वेगळ्याच कारणाने. “ट्रॅक्टर ठेवला! हे काय? आम्ही काय भिकारी आहोत?” शेवटी राविरी जाऊन ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा शांत झाले.

आरोळीची पेटी ठेवलेली माझी शेड मराएला लागूनच. दार उघडंच होतं, आतले दिवे लुकलुकत होते. पारेराउचे दोन तरुण उंबऱ्यापाशी थांबले. मागून मेरेआना म्हणाली, “ते राहू दे. ते मंदाचं आहे.” आणि ते पुढे गेले.

मला बरं वाटायला हवं होतं.

पंगत बसली. मसालेभात, कुताईचा तांबडा रस्सा, त्यांचं जमिनीत भाजलेलं रताळं आणि मटण. लुटणारे आणि लुटलेले मांडीला मांडी लावून बसले. निकाउच्या ताटात ती कॉफीवाली मुलगी आग्रहाने वाढत होती. कोरो आणि राविरी ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल बोलत होते, कुठे अडकतो आणि कशी लाथ घालायची ते. मी डाव घेऊन वाढत फिरत होते, आणि ज्याला त्याला भात वाढावा तो मान वर करून म्हणे, “थँक यू, मंदा.” नीट, नम्रपणे. केटररला म्हणतात तसं.

तिसऱ्या ओळीत मी डाव खाली ठेवला.

“मेरेआना, माझं काय?”

“तुझा भात उत्तम झालाय.”

“भाताचं विचारत नाही. पिल्लं कुणी अडवली? कोरोंच्या खुर्चीने? निकाउच्या कॉफीने? आरोळी कुणाची आहे?”

आजूबाजूची बोलणी थांबली. केतकी मराठीत पुटपुटली, “आई, कशाला आता?” मी तिच्याकडे बघितलं नाही.

“तू पगारावर आहेस,” मेरेआना सावकाश म्हणाली. “तुझ्यावर आमचा राग नाही. शिवाय तू माझ्या सुनेची आई. तुझ्या दारात असं कसं शिरायचं?”

“म्हणजे मी परकी.”

“असं मी म्हटलं का?”

“म्हणायला कशाला हवं? आमच्याकडे लग्नात ज्याच्याशी कुणी भांडत नाही तो पाहुणा असतो. नातेवाइकाशी भांडतात. पानात मीठ डावीकडे का नाही, यावरून माझे दीर माझ्या भावाशी वर्षभर बोलत नव्हते. आणि तू? माझ्यामुळे तुझं पूर्ण वर्ष गेलं, तरी माझ्या दारावरून हसत निघून गेलीस.”

मेरेआनाने ताट खाली ठेवलं, हात धुतले, पुसले. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मंदा, मी आत गेले तर काय उचलेन ते तुला माहितीये. मला तुझा फ्रिज नकोय.”

“माहितीये.”

“रडशील.”

“रडेन.”

“मग आण बाहेर. दे.”

“देणार नाही,” मी म्हटलं. “दिली तर ते दान होईल. दान घ्यायला तू बोटी भरून आलेली नाहीस. तू ने. मी आडवी येणार नाही.”

मागे कोरोंची काठी जमिनीवर एकदा आपटली. मग आणखी कुणीतरी पाय आपटला. मेरेआनाने माझ्या शेडच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं. पाय धुवायचे राहिलेच.

आत तिने आरोळीच्या पेटीवर हात ठेवला. पेटी गरम असते, कायम विचारात असल्यासारखी.

“याला थांबायचं कळतं का?”

“मी तिला मोजायला शिकवलंय. थांबायला नाही.”

“का?”

“मोजायला कॅमेरा आमच्याच दोरावर होता ना. जे तिला दिसतं ते ती वाढवते. पलीकडचं तिला दिसतच नव्हतं.” बोलता बोलता माझ्याच डोक्यात ते लख्ख झालं. “तुझ्या दोरांवर एक कॅमेरा लावला, तुझ्या पुढच्या खाडीत एक, आणि तिला सांगितलं की तिन्हीकडे भरलं तरच तुझं काम झालं, तर ती तसा आवाज शोधेल. थोडी बसा, बाकीची पुढे जा, असं म्हणणारा. तिला सगळं सारखंच. काय मोजायचं ते आपण ठरवायचं.”

“मग ठरवू,” असं म्हणून तिने वायर ओढली.

“तशी नको! पिन तुटेल. डावीकडे पिळ आणि मग ओढ. हं. आता ती निळी. अगं, निळी म्हणजे निळी, ती हिरवी आहे.” मी माझ्याच घरावरच्या दरोड्याची मुकादम झाले होते. एकेक वायर सुटत गेली, एकेक दिवा विझत गेला. रडले. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं, हे तिचे उपकार.

पेटी दोन्ही हातांत घेऊन ती बाहेर आली तेव्हा साठच्या साठ जणांनी एकच आरडाओरडा केला. आमच्याकडचे त्यांच्याहून जोरात ओरडले. एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि इथल्या रीतीने माझ्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. मग दुसरी आली. भातासाठी थँक यू कुणीच म्हटलं नाही. “मीठ जरा कमी होतं,” निकाउ म्हणाला, आणि मला एवढा आनंद झाला की मी त्याला डावाने मारायला धावले.

“एक अडचण आहे,” मेरेआना मोठ्याने म्हणाली. “या खोक्यातलं मला काही कळत नाही. याची आईपण उचलावी लागेल.”

सगळे हसले. मीही हसले. मग बघते तर माझ्या घरातून केतकी बाहेर येतेय, हातात माझी बॅग. “ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या, चष्मा घेतला, स्वेटर घेतलाय. तिकडे वारा असतो.”

“अगं, मुलीच्या सासरी जाऊन राहायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक सगळे इथेच आहेत, आई. विचार त्यांना.”

राविरीने मला हाताला धरून बोटीत चढवलं आणि लुटीच्या मधोमध, कोरोंच्या आरामखुर्चीत बसवलं. मांडीवर पेटी. मागे फ्रीझर, बाजूला कॉफीची मशीन, जाळीसकट. बोट सुटली तेव्हा निकाउ धावत पाण्यात गुडघाभर आला.

“मंदाला कुठे नेताय? सोमवारी डेन्मार्कवाल्यांशी मीटिंग आहे! परत कधी आणणार?”

“लूट परत मागायची नसते, निकाउ!” मेरेआना ओरडली. “त्यांना सांग, आता दोन खाड्या मिळून माल देतील. उशिरा देतील, पण दरवर्षी देतील.”

तो पाण्यात उभा राहून विचार करत होता. मग त्याने फोन काढला आणि तिथेच काहीतरी लिहायला लागला. हुशार आहे मुलगा.

भूशिराजवळ पाणी जरा उसळलं. आमच्या बोटीखालून, या क्षणाला, धुळीएवढी लाखो पिल्लं त्याच वळणावरून वाहत असणार, कुणाची हाक ऐकू येते का बघत. आज कुणीच हाक मारत नव्हतं. मेरेआना फ्रीझरवर चढून बसली आणि तिने बूट काढले.

“विहीणबाई, मला एक सांग. समजा, तुझ्या पेटीने थोडी जास्तच पिल्लं माझ्याकडे ठेवून घेतली. मग पुढच्या खाडीतली माणसं मला लुटायला येतील?”

“येतील की.”

“किती?”

“ते तू आवाज किती ठेवतेस त्यावर आहे.”

तिने पुढच्या खाडीच्या दिशेने नजर टाकली. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच हाव बघितली.

“आवाज बेताचाच ठेव,” ती म्हणाली. “पण अगदीच बेताचा नको. एकदा तरी आली पाहिजेत गं. दोनशे तरी.”